जाळीच्या गाडीतला प्रबंध

तुरुंगातून माणसं कोर्टात न्यायची आणि संध्याकाळी उरलेली परत आणायची, यातच ड्रायव्हरचं अर्धं आयुष्य गेलं. पन्नाशीला टेकल्यावर त्याला कॉलेजची हुक्की आली. तीही साधीसुधी नाही. गुन्हेगारीशास्त्र आणि न्यायव्यवस्था, ऑनर्सची पदवी.

"नुसतं नेऊन सोडण्यानं समाधान होईना वाटतं," बायको शिवणयंत्रावरून मान न उचलता म्हणाली. "आता ते तिथं का गेले तेही शोधणार."

"तेच तर शिकवतात."

"मग मलाही सांगा. मला वाटायचं, पोलीस पकडतात म्हणून जातात."

टोमणे मारता मारता तिनंच त्याच्या जुन्या बॅगेला नवी चेन बसवली, आणि सुट्टीच्या दिवशी टेबलावरचं कापड आवरून त्याला अभ्यासाला जागा करून दिली. पोराटोरांच्या वर्गात बसून, जाडजूड पुस्तकांशी झटापट करत तो रडतखडत पास होत गेला. आता प्रबंध तेवढा उरला होता. विषय मंजूर झाला नाही तर साधी पदवी हातात पडणार आणि ऑनर्स हातचं जाणार. आणि ऑनर्स, ऑनर्स करत त्यानं अख्ख्या डेपोचं डोकं आधीच खाल्लेलं होतं.

विषयाची मात्र त्याला फिकीर नव्हती. बाकीचे ग्रंथालयात धावत होते, याचा माल तयार होता. त्याच्या सीटच्या मागं जाळी, आणि जाळीच्या मागं बोलणारी माणसं. शिपाई डुलक्या काढायचा. मागं कुणी भावाचा गुन्हा अंगावर घेतलेला, कुणी वकिलानं पढवलेलं वाक्य घोकणारा, कुणी कोर्टात आई येईल या धास्तीनं रडणारा. ड्रायव्हरनं सगळं ऐकलं होतं, आणि आठवेल तेवढं लिहून काढलं होतं. असं घबाड कुठल्या प्रोफेसरकडे असणार?

मार्गदर्शक मॅडम त्याच्या पुतणीच्या वयाच्या. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"लिहिलंय छान. पण हे वापरता येणार नाही."

"का? एक तरी अक्षर खोटं आहे का?"

"खरं आहे म्हणूनच. त्यांना विचारलं होतं तुम्ही?"

"मी काय चोरून ऐकलं, मॅडम? ते बोलत होते, मला कान आहेत."

"तुम्ही ऐकताय हे त्यांना आवडलं नसतं, तर गाडीतून उतरता आलं असतं का?"

ड्रायव्हरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आता सुटून घरी आलेलं कुणी असेल तर विचारा. हो म्हणाला तर त्याचं घेऊ. महिनाअखेरीला विषय समितीपुढं ठेवायचाय."

जन्मात त्या गाडीची पायरी चढली नाही आणि मला शिकवते, असं पुटपुटत तो जिना उतरला. खाली पोचेपर्यंत राग ओसरला आणि तो प्रश्न तेवढा राहिला.

पुलाखाली गाड्यांच्या सीटा शिवणारा एक जण होता. बरेच महिने तो तारखांना या गाडीतून गेला होता आणि शेवटी निर्दोष सुटला होता. ड्रायव्हरच्या कागदांत सगळ्यात जास्त पानं त्याचीच होती.

"ओळखलंस का?"

"मान वळवा जरा," सीटवाला म्हणाला. "हां, ओळखलं. तोंड कुठं बघितलंय तुमचं? आम्हाला मानच दिसायची."

ड्रायव्हरनं येण्याचं कारण सांगितलं. नाव घालणार नाही म्हणाला. सीटवाल्यानं दाभण चालूच ठेवलं.

"काय बोललो होतो मी?"

ड्रायव्हरनं सांगितलं. दाभण थांबलं.

"ते मी शेजारच्याला सांगितलं होतं. तुम्हाला नाही."

"ते ठीक आहे, पण..."

"नाही."

संपलं. ड्रायव्हर उठला, पण गप्प उठणाऱ्यातला तो नव्हता. "मी कधी शिवी दिली का कुणाला? माझ्यासारखी गाडी कुणी चालवत नव्हतं. कोर्टाला कधी उशीर नाही."

सीटवाला हसला. "आम्ही तुम्हाला काय म्हणायचो ठाऊक आहे? दणकेसाहेब. आज दणकेसाहेब आहेत, पाय रोवून बसा रे. लोखंडी बाक, हातात बेडी, धरायला काही नाही. तुम्ही वळणावर ब्रेक मारला की अख्खी रांग जाळीवर. मग तसंच कोर्टात उभं राहायचं. ओठ फुटलेला, सदऱ्यावर उलटी. वर बसलेल्या जजला कोण दिसणार? गुंडच ना? कधी मागं बसलाय का तुम्ही?"

बसला नव्हता. दुसऱ्या दिवशी गाडी धुवायला न्यायची होती. ड्रायव्हरनं किल्ली मेकॅनिकच्या हातात दिली आणि मागं जाऊन बाकावर बसला.

"डोकं ठिकाणावर आहे ना?" मेकॅनिकनं विचारलं.

"कोर्टाच्या रस्त्यानं घे. माझ्यासारखी चालव."

त्यानं स्वतःचे हात मांडीत एकमेकांत घट्ट अडकवून घेतले. खिडकी डोक्याच्या वर, रस्ता दिसेना. पुढं बसणाऱ्याला वळण आधी कळतं. इथं ते थेट गुडघ्यात येऊन कळत होतं. मॅडमना काय सांगायचं ते तो मनात जुळवायला लागला होता. कोर्टाचं फाटक येईपर्यंत दणक्यांनी त्यातलं एक वाक्य डोक्यात शिल्लक ठेवलं नाही. अशाच अवस्थेत लोक इथं उतरून न्यायाधीशापुढं जबाब द्यायला जायचे.

जुने कागद बायकोनं मापं लिहायला मागितले. त्यानं दिले नाहीत, फाडून चुलीत घातले. मॅडमना नवा विषय सांगितला: आरोपी न्यायाधीशापुढं कसल्या अवस्थेत येऊन उभा राहतो, आणि तो तसा का होतो.

"मुलाखतीत लोक तुमच्याबद्दलही वाईट बोलतील," मॅडम म्हणाल्या.

"तेही लिहावं लागेल ना?"

"ते आधी लिहावं लागेल."

विषय मंजूर झाला. पहिल्या मुलाखतीला माणूस हवा होता. ड्रायव्हर पुन्हा पुलाखाली गेला, लंगडत, कारण गुडघा अजून काळानिळा होता.

"तुमचं ते गुपित नकोय," तो म्हणाला. "फाडलं ते. फक्त दणक्यांचं सांगा. आणि नको वाटलं तर मधेच उठून जायचं, माझी हरकत नाही."

"दुकान माझं आहे," सीटवाला म्हणाला. "उठायचं झालं तर तुम्ही उठायचं."

"बरं. मी उठतो."

सीटवाल्यानं त्याच्या गुडघ्याकडं बघितलं. मग अर्धवट शिवलेली एक सीट पायानं पुढं सरकवली.

"बसा. तिकडं नाही, इकडं समोर. तोंड दिसेल असं."