झुंबरबाईंची पिवळी रेघ

संघपाल हिवाळेला जाफराबाद तालुक्यात त्याच्या नावानं कुणी हाक मारत नाही. सगळे 'कॅमेरेवाला' म्हणतात. त्याचे वडील तातेराव रोजंदारीवर विहिरी खोदायचे. म्हणजे घराण्याचं काम जमिनीत खाली जायचं. हा पठ्ठ्या मात्र आयटीआय करून जो शिडीवर चढला, तो बारा वर्षं झाली तरी उतरायला तयार नाही. आधी त्यानं केबलच्या वायरी ओढल्या, मग डिशच्या छत्र्या फिरवल्या, आणि लोकांनी टीव्ही सोडून एकमेकांनाच बघायचं ठरवल्यावर तो कॅमेऱ्यांकडे वळला.

तुम्ही म्हणाल, कॅमेरे चोरांसाठी असतात. संघपालला विचारून बघा. चोराच्या भीतीनं कॅमेरा लावणारं गिऱ्हाईक त्याला दहात एखादं भेटतं. बाकीच्या नऊ जणांना शेजाऱ्याची नाहीतर भावकीची खात्री करून घ्यायची असते. एकानं उकिरड्यावर कॅमेरा लावून घेतला, कारण शेणखत परस्पर कमी होतंय असा त्याला वहीम होता. एका किराणावाल्यानं गल्ला सोडून स्वतःच्या खुर्चीवर कॅमेरा रोखायला लावला. आपण दिवसभर दुकानातच बसतो यावर त्याच्या बायकोचा विश्वास नव्हता. तो बिचारा आजही त्या खुर्चीत ताठ बसलेला असतो.

आणि बिघाड तरी कसले! 'सगळं गाव लाल दिसून राह्यलं' म्हणून एकदा फोन आला. संघपाल गेला, तर उद्घाटनाच्या दिवशी कुणीतरी कॅमेऱ्याच्या काचेला मनोभावे कुंकू लावलेलं. दुसऱ्या गावी हार घातल्यामुळे आठ दिवस फक्त झेंडू रेकॉर्ड झाला होता. कोळ्यांनी तर त्याच्या नाकी नऊ आणलेले. अंधार पडला की कॅमेऱ्याच्या दिव्याभोवती किडे जमतात, किड्यांसाठी कोळी येतो, काचेवर जाळं विणतो, आणि मालकाच्या फोनवर रात्रभर 'घरात माणूस शिरला' असा निरोप जात राहतो. संघपाल कुणालाच हसत नाही. 'होतं असं' म्हणतो, फडकं काढतो आणि पुसतो. बिघाड असेल तो खरा सांगायचा, एवढं एक मात्र त्यानं कटाक्षानं पाळलेलं. म्हणून तर लोक त्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवायचे.

त्याच संघपालला बद्रीनाथचा फोन आला. जाफराबादेपासून नऊ किलोमीटरवरच्या गावात बद्रीनाथ आणि कल्याण हे दोन भाऊ राहतात, एकाच अंगणाच्या दोन टोकांना. सहा वर्षांपूर्वी वाटण्या झाल्या. शेत वाटलं, विहिरीच्या पाण्याचे वार वाटले, म्हशी वाटल्या. देवघर वाटायचं धाडस दोघांनाही झालं नाही, म्हणून तेवढं मधे सामाईक राहिलं. आणि आई, झुंबरबाई, तिची महिनापाळी लावली. एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे. दोघा भावांचं बोलणं बंद झालं ते झालंच, पण नवल पुढेच आहे. आईशीही दोघं बोलेनासे झाले. आपण काही बोललो तर ती दुसऱ्याला जाऊन सांगेल, अशी दोघांनाही धास्ती. त्यामुळे 'म्हातारीला सांगा', 'तिला वाढा', असा सगळा कारभार बायकापोरांमार्फत चाले. सहा वर्षांत त्या अंगणात झुंबरबाईंना कुणी 'आई' म्हणून हाक मारली नव्हती.

"काम काय हाय, भाऊ?" संघपालनं विचारलं.

"पुरावा पायजे," बद्रीनाथ म्हणाला. जाफराबादेत त्याचं खताचं दुकान आहे आणि बोलणं नेहमी पावती फाडल्यासारखं. "म्हातारी माह्या महिन्यात तिकडं जाऊन जेवती. गावात बोभाटा काय, तर बद्रीनाथ आईला उपाशी ठिवतो. पंचाकडं, पुंजारामअण्णांकडं गेल्तो. ते म्हणले, पुरावा आणा, मंग बसू."

संघपालनं ओसरीवर कॅमेरा बसवला. मोबाइलवर अंगणाचं चित्र उघडून त्यानं बोटानं बरोबर मधोमध एक पिवळी रेघ ओढली. ही रेघ जमिनीवर कुणाला दिसत नाही, फक्त कॅमेऱ्याला दिसते. कुणी ती ओलांडून पलीकडे गेलं की मालकाचा फोन वाजतो आणि कॅमेरा आवाजही देतो. झुंबरबाई दारात बसून हे सगळं बघत होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही आणि सांगितलंही नाही.

पलीकडून कल्याणनं ते बघितलं आणि संघपालची शिडी खाली यायच्या आत हाक मारली. "मलाबी तसाच बसवा. बिलकुल तसाच. ती माह्या महिन्यात तिकडं जाती, त्याचं काय?"

दुसरा कॅमेरा बसला आणि पहिला बंद पडला. पहिला चालू केला तर दुसरा गेला. 'ह्यानं माहा कॅमेरा मारला' असं दोन्ही ओसऱ्यांवरून एकदम ऐकू आलं. संघपाल देवघरात गेला, कारण इंटरनेटचं कनेक्शन झुंबरबाईंच्या नावावर होतं आणि राउटर खंडोबाच्या शेजारी होता. खंडोबाला हात जोडून त्यानं तपासलं. बिघाड साधा होता. दोन्ही कॅमेरे कारखान्यातून एकच नंबर घेऊन आले होते. एका नंबरची दोन घरं असली तर पोस्टमन करणार काय?

"वेगवेगळे नंबर देतो," संघपाल म्हणाला. "एक एकवीस, एक बावीस."

"थोरला म्या हाय. आधीचा नंबर माहा," बद्रीनाथ म्हणाला.

"मोठा नंबर माहा," कल्याण म्हणाला.

एकवीस बद्रीनाथला गेला, बावीस कल्याणला, आणि दोघंही खूश झाले. असा निवाडा पुंजारामअण्णांना सहा वर्षांत जमला नव्हता.

आता राहिला आवाज. कॅमेऱ्यात आधीपासून एक खडा हिंदी आवाज भरलेला होता, 'कृपया ध्यान दें, आप निगरानी में हैं.' झुंबरबाईंनी पहिल्यांदा रेघ ओलांडली तेव्हा त्या दचकून थांबल्या, इकडेतिकडे बघितलं आणि सुनेला म्हणाल्या, "अगं, कोन पाव्हना आलाय, त्याला च्या टाक." ते रेकॉर्डिंग बघून बद्रीनाथनं डोक्याला हात लावला. पुराव्यात हे कसं चालायचं?

"तुमचा सोताचा आवाज भरा," संघपालनं सुचवलं. "धा सेकंद मिळतेत."

बद्रीनाथ फोन तोंडापुढे धरून उभा राहिला. पहिल्यांदा 'माघारी फिर' म्हणाला, पण पंचांपुढे ते उर्मट वाटेल म्हणून पुसलं. शेवटी पाचव्या खेपेला जमलं. "आई, भाकरी झाली. घरी ये जेवायला." म्हणजे घरी भाकरी तयार होती आणि तरीही ती गेली, हे पंचांच्या कानावर बरोबर पडलं असतं. कल्याणला हे कळायला वेळ लागला नाही. त्यानं थोरल्याच्या वरताण केली. "आई, गरम गरम हाय. ये जल्दी."

तीन आठवड्यांनी दोन्ही भावांचे फोन आले, तेही एकाच सकाळी. बद्रीनाथ गिऱ्हाइकाला युरिया देत असतो तेव्हा फोन वाजतो. कल्याण कपाशीवर फवारणी करत असतो तेव्हा वाजतो. दिवसाला चाळीस-चाळीस वेळा. दोघांचंही म्हणणं एकच, यंत्र बिघडलं, ते बोलणं आणि वाजणं बंद करून टाका.

संघपाल गेला तेव्हा सगळी शेतात आणि दुकानात गेलेली. त्यानं बावीस नंबरवरचं जाळं पुसलं. रेघेवर हलणारं वाळत घातलेलं लुगडं बाजूला सरकवलं. कोंबडी ओलांडताना आवाज येत नाही ना, हे कोंबडी हाकलून तपासलं. मग त्याच्या लक्षात खरी गोम आली. म्हातारी पलीकडे निघाली की एकवीस तिला परत बोलावतो. ती गरीब माघारी फिरली की रेघ उलटी ओलांडली जाते आणि बावीस बोलावतो. एकाचं ऐकावं तर दुसरा हाक मारतो. हा जन्मभर न संपणारा फेरा आपणच लावून ठेवला म्हणून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तो शिडीवरच होता, तेवढ्यात झुंबरबाई बाहेर आल्या. त्यांचं वर लक्ष नव्हतं. त्यांनी पदर सारखा केला, अंगणाच्या मध्यापर्यंत गेल्या आणि एक पाऊल पलीकडे टाकलं.

"आई, भाकरी झाली. घरी ये जेवायला," एकवीस म्हणाला.

"आले रे बद्री," झुंबरबाई कॅमेऱ्याकडे बघत म्हणाल्या. "तू खाल्ली का?" थोडा वेळ त्या उत्तरासाठी थांबल्या. मग त्या वळल्या आणि अलीकडे आल्या.

"आई, गरम गरम हाय. ये जल्दी."

"खाल्ली बाबा म्या. तू उन्हात फवारून राह्यला, डोक्याला बांधलं का काही?"

पुन्हा थांबल्या. मग पुन्हा पलीकडे. तासाभरात असं नऊ वेळा झालं. त्यांना रेघ कुठे आहे हे बरोबर ठाऊक होतं. जमिनीवर त्या जागी मातीत पायांनी पडलेली वाट दिसत होती.

शिडीवर बसल्या बसल्या संघपालला रडू आलं. त्यानं बारा वर्षांत नाना तऱ्हेचे बिघाड बघितले होते, पण इथे यंत्र अगदी ठणठणीत होतं. ते बंद करायला आपल्याला बोलावलंय, आणि ते बंद केलं की या बाईला 'आई' म्हणणारं या अंगणात कुणी उरणार नाही, हे त्याला लख्ख दिसत होतं. आणि चालू ठेवावं, तर ती उरलेलं आयुष्य दोन डब्यांशी बोलत काढणार. तेही त्याला बघवेना.

दुपारी दोन्ही भाऊ आले आणि आपापल्या ओसरीवर उभे राहिले. संघपाल अंगणाच्या मधोमध. एकाला सांगायला इकडे वळावं, दुसऱ्याला सांगायला तिकडे, आणि दर वळण्याला रेघ ओलांडली जाऊन कॅमेरे त्यालाच जेवायला बोलावत होते.

"काय निघालं?" बद्रीनाथनं विचारलं.

"आई, गरम गरम हाय," बावीस संघपालला म्हणाला.

संघपालनं मोबाइल काढून दोन्ही आवाज बंद केले. मग घसा साफ केला आणि आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाशी खोटं बोलला. "भाऊ, आवाज बंद केले. पन नियम असा हाय, भरलेला आवाज पुराव्यात धरीत न्हाईत. यंत्र तर कोनाचाबी आवाज काढतं. रेघ ओलांडली की तुमच्या घरात बेल वाजंल. ज्याच्या नावावर कॅमेरा, त्यानं सोता बाहेर येऊन हाक मारायची. कॅमेऱ्यात तुमचं तोंड आन् तुमचा आवाज एकदम आला, तरच ते रेकॉर्डिंग खरं."

"म्हंजे म्या हाक मारायची? तिला?" बद्रीनाथ.

"घरी असान तवाच बेल चालू ठिवतो. दुकानात असल्यावर न्हाई वाजायची."

"ह्यो नियम दोघांला हाय का?" कल्याणनं विचारलं.

"दोघांला."

"मंग चालतंय," कल्याण म्हणाला. दोघांना सारखा त्रास होणार म्हटल्यावर बद्रीनाथलाही नाही म्हणता येईना. कॅमेरेवाल्याचा शब्द म्हणजे शब्द, तेव्हा नियम कुठे लिहिलाय हे कुणी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास संघपाल दुसऱ्याच एका गावी दूध डेअरीच्या भिंतीला ड्रिल मारत होता. फोनवर निरोप आला, एकवीस नंबर. तपासणीसाठी त्यानं ते चित्र स्वतःकडेही चालू ठेवलं होतं. ड्रिल गळ्यात अडकवून त्यानं फोन उघडला.

झुंबरबाई रेघेच्या पलीकडे उभ्या होत्या आणि वाट बघत होत्या. दोन दिवस कॅमेरा मुका झालेला, तरी त्या येतच होत्या. बद्रीनाथच्या घरात बेल वाजत राहिली. बऱ्याच वेळानं तो बाहेर आला, बनियनवर, उष्टा हात तसाच. जेवणावरून उठला असावा. त्यानं कल्याणच्या दाराकडे बघितलं, गल्लीत कुणी नाही ना ते बघितलं, आणि कॅमेऱ्याच्या बरोबर खाली येऊन उभा राहिला. पहिली हाक माइकलाही नीट ऐकू आली नाही. मग तो खाकरला आणि मोठ्यानं म्हणाला, "आई, भाकरी झाली. घरी ये जेवायला."

झुंबरबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी मान वर केली आणि सरळ कॅमेऱ्यात बघितलं. संघपालच्या फोनवर त्यांचा अख्खा चेहरा आला, सुरकुत्यांसकट.

"आले रे बद्री," त्या कॅमेऱ्याला म्हणाल्या. "दोन दिस कुठं गेल्ता? तू खाल्ली का?"

चित्राच्या खालच्या कडेला बद्रीनाथचं फक्त टक्कल दिसत होतं. मग उष्टा हात वर आला आणि कोपरानं डोळे पुसल्यासारखं काहीतरी झालं.

"आई," तो म्हणाला, "वर न्हाई. हिकडं, खाली बघ. म्या हितं हाय."

झुंबरबाईंनी कॅमेऱ्यावरची नजर हळूहळू खाली आणली. कपाळावर हात आडवा धरून त्या थोरल्या लेकाकडे बघत राहिल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "तू कवा आला?"