हेर फोग्ट यांच्या कपाटातलं प्रस्थान

"मंदार! कापड बघ! अरे गादी काय बघतोस, कापड बघ, कापड!"

केतकी, म्हणजे माझी बायको, माझाच फोन माझ्या नाकाला लावून ओरडत होती. शनिवार, सकाळचे अकरा, बाहेर चक्क ऊन. नोव्हेंबरात आमच्या जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनला ऊन पडणं हीच खरं तर पहिली अमानवीय घटना, पण ते सोडा. ती इतक्या जोरात ओरडली की समोरच्या इमारतीतल्या सहा जणांनी खिडक्या लावून घेतल्या. बरं, एकाने. पण धाडकन लावली.

सासूबाई टेबलाशी बसून लसूण सोलत होत्या. मान वरसुद्धा केली नाही.

आता आधीच सांगून टाकतो. भुतंखेतं, संकेत, दृष्टांत... माझा कशावरही विश्वास नव्हता. मी गाड्यांच्या ब्रेकचं टेस्टिंग करतो. दहा वेळा मोजल्याशिवाय आम्ही "गाडी थांबली" असंही म्हणत नाही. दुसरी गोष्ट, माझ्या बोलण्यातले वीस टक्के वजा करून घ्यावेत, असं केतकी सगळ्यांना सांगत असते. करा वजा. पुढे जे लिहितोय त्यातून ऐंशी टक्के वजा केलेत तरी मला पडलेलं कोडं तेवढंच राहील.

तर मुळापासून सांगतो.

माझे सासरे, दादा, तरुणपणी दोन वर्षं टोगोत होते. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, फॉस्फेटच्या कारखान्यात इंजिनिअर. राहायचे आनेहो नावाच्या गावात. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला मोठं खाऱ्या पाण्याचं तळं, मध्ये वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर गाव, आणि तळ्यावर एक पूल. तेव्हा केतकी पोटात होती म्हणून आईंना जाता आलं नाही. मग पुढची चाळीस वर्षं पुण्यात रोज जेवताना दादांनी त्या तळ्याचं वर्णन केलं. समुद्राएवढं तळं! पलीकडचा काठ दिसत नाही! म्हशीएवढे मासे! (मी वीस टक्केवाला असेन तर दादा सरळ पन्नास टक्केवाले.) आणि प्रत्येक वर्णनाच्या शेवटी आईंना म्हणायचे, "तुला एकदा दाखवतो."

नाही दाखवलं. दोन वर्षांपूर्वी गेले.

गेल्या वर्षी आई आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आल्या. चौऱ्याहत्तर वय, हृदयाच्या गोळ्या, गुडघे कुरकुरणारे. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाल्या, "मंदारराव, इथून ते टोगो जवळ पडतं ना हो? पुण्यापेक्षा?"

बाईंनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. चहासुद्धा स्वतः करून घेतात. मी त्याच दिवशी एक्सेल उघडलं. चौदा शीट्स! विमानं, हवामान, फ्रेंचमधली पंचवीस वाक्यं, कोणत्या बॅगेत किती मेथीचे ठेपले, सगळं. तळ्याकाठी एक छोटं गेस्टहाउस शोधलं. मालकीण मादाम अकू. मला फ्रेंचचा घाम फुटला होता, तर बाई फोनवर अस्खलित जर्मन बोलायला लागल्या. शाळेत शिकल्या म्हणे. माझ्यापेक्षा चांगलं जर्मन... म्हणजे आर्टिकल्ससकट! एकदा व्हिडिओ कॉलवर आई त्यांना दिसल्या. दोघींनी एकमेकींना हात हलवला. तेवढीच ओळख.

मग आईंनी पंचांग काढलं. निघायचं होतं डिसेंबरात, आणि त्यांच्या मते तो दिवस काही बरा नव्हता. चांगला दिवस नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. "मग आपण प्रस्थान ठेवू," म्हणाल्या.

ज्यांच्या घरात ही पद्धत उरली नसेल त्यांच्यासाठी: निघायचा दिवस चांगला नसेल, तर आधीच्या चांगल्या मुहूर्तावर प्रवाशाची एखादी वस्तू बांधून प्रवासाच्या दिशेला असलेल्या दुसऱ्या कुणाच्या घरी नेऊन ठेवायची. की झाला प्रवास सुरू! माणूस मागाहून सावकाश निघतो. मला तर हे फार आवडलं. ऑनलाइन चेक-इनच की.

आईंनी एका जुन्या इरकलीचा चौकोन कापला. हिरवं कापड, लाल काठ, आणि मधोमध इस्त्रीचा तपकिरी चटका. केतकीने बाराव्या वर्षी पहिल्यांदा इस्त्री हातात घेतली त्याची खूण. त्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड घालून अशी गाठ मारली की ती सोडवायला आमच्या वर्कशॉपमधली अवजारं लागली असती.

दिशेला मी फोनवर होकायंत्र लावलं. दक्षिण! आईंचा चेहरा पडला. दक्षिणेला कोण जातं? मी म्हटलं, "आई, अगदी दक्षिण नाही, जरा पश्चिमेकडे झुकतंय."

"मग नैऋत्य म्हणा ना! उगाच घाबरवता."

त्या दिशेला, रस्त्यापलीकडे राहतात हेर फोग्ट. निवृत्त, एकटे, जन्मभर मोजमापाची उपकरणं तपासण्यात गेलेली. कचऱ्याच्या डब्यात चुकीच्या दिवशी कागद टाकला तर आवाजावरून ओळखतात. मी त्यांना अर्धा तास प्रस्थान समजावलं. ते ऐकत राहिले, आणि मग एकच प्रश्न: "थंड जागा लागते का?"

त्यांनी ती पुरचुंडी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली, झाकणाला सगळीकडून चिकटपट्टी लावली, चिकटपट्टीवर आडवी सही केली आणि लेबल लिहिलं: 'योगळेकर कुटुंब. प्रवासाची सुरुवात. १ नग.' डबा कपाटात, कपाटाला कुलूप, आणि मला पावती! 'जोगळेकर'मधल्या 'ज'चा 'य' झाला होता, पण पावती होती. दुसऱ्याच दिवशी ते कूरला गेले. कूर म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेली, गरम पाण्यात डुंबायची सरकारी सुट्टी. चार आठवडे. किल्ली त्यांच्याबरोबर.

आणि मंगळवारी आम्ही लस घ्यायला गेलो.

चौदा शीट्समधली लसीची शीट चौदावी होती, हा माझा गाढवपणा. यलो फीवरच्या लसीशिवाय टोगोत पाऊल टाकता येत नाही. डॉक्टरीणबाईंनी आईंचं वय पाहिलं, गोळ्यांची यादी पाहिली, पेन खाली ठेवलं. "या वयात, या हृदयाला, पहिल्यांदाच ही लस... मी देणार नाही. आणि तिकडे मलेरियाही आहे. जाऊ नका."

आईंना जर्मन येत नाही. पण खाली ठेवलेलं पेन कुणालाही कळतं.

बसमध्ये त्या एवढंच म्हणाल्या, "प्रस्थान ठेवलंय हो, मंदारराव. ते मागे कसं घ्यायचं?"

मी त्याच संध्याकाळी सगळं रद्द केलं. मादाम अकूंना तसं कळवलं, त्यांचं "वाईट वाटलं" असं उत्तरही आलं. पुरचुंडी मागे आणायची म्हटलं तर फोग्टसाहेब गरम पाण्यात. त्या दिवसापासून आई खिडकीशी खुर्ची घेऊन बसायला लागल्या. समोर फोग्टांच्या घराचे बंद पडदे. जेवण अर्ध्यावर आलं. केतकी मला म्हणाली, "मंदार, मला भीती वाटते रे. ती परत जाईल ती अशीच रिकामी जाईल." मी, ज्याला प्रत्येक ठिकाणी विनोद सुचतो, उठून भांडी घासायला लागलो. साक्षीदार आहेत.

दहा दिवस गेले. मग ती शनिवारची सकाळ.

फोनवर मादाम अकूंनी पाठवलेला फोटो. पांढरी चादर, मच्छरदाणी, मागे खिडकीत पाण्याची चमक. आणि चादरीवर मधोमध... हिरवं कापड, लाल काठ, इस्त्रीचा तपकिरी चटका. गाठ तीच.

खाली व्हॉइस मेसेज. मी तो आजवर शंभर वेळा ऐकलाय. इथे वीस टक्के वजा करू नका. शंभर.

"हेर जोगळेकर, तुम्ही बुकिंग रद्द केलंत, मग आईंना एकटं का पाठवलंत? परवा दुपारी आल्या. मी जेवायला विचारलं, नुसत्या हसल्या. पुलाजवळच्या धक्क्यावर पाण्यात बघत बसल्या होत्या. संध्याकाळी दिवे लावून पाहते तर नाहीत. आम्ही गावभर शोधलं. खोलीत एवढंच सामान आहे. त्या सुखरूप पोचल्या का? आणि त्यांना सांगा, आमच्याकडे तेहतीस डिग्रीत मोजे घालून त्यावर चपला घालत नाहीत!"

वाचकहो, व्हिडिओ कॉलवर आई दिसल्या होत्या त्या खांद्यापर्यंत. पाय नव्हते दिसले. मी टेबलाखाली पाहिलं. राखाडी मोजे. त्यावर पुण्याहून आणलेल्या चपला.

केतकी कुजबुजली, "परवा म्हणजे गुरुवार. मंदार... गुरुवारी आई झोपली होती."

होती. सासूबाई दुपारी झोपत नाहीत, जन्मात नाही. गुरुवारी जेवून आडव्या झाल्या त्या सहा वाजता उठल्या. केतकीने दोनदा नाकापुढे बोट धरून पाहिलं होतं. साखर कमी झाली असेल म्हणून मी सरबत घेऊन उभा होतो. उठल्या आणि पोटभर जेवल्या. दहा दिवसांत पहिल्यांदा.

मी फोन त्यांच्यापुढे धरला. "आई, हे..."

त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "हो, माझीच गाठ आहे," म्हणाल्या. आणि पुढची पाकळी उचलली.

त्यापुढे विचारायची हिंमत झाली नाही. माझी! जो माणूस आउसलेंडरबेहोर्डमध्ये, म्हणजे व्हिसावाल्यांच्या ऑफिसात, अधिकाऱ्याशी हुज्जत घालून आलाय, त्याची!

मी स्वतःला सांगितलं, याला उत्तर आहे, आणि ते समोरच्या कपाटात आहे. डबा उघडला की पुरचुंडी निघेल. मग फोटो खोटा. मादाम खोट्या. संपलं. पुढचे अडीच आठवडे मी फोग्टांच्या पडद्यांकडे आईंपेक्षा जास्त बघत बसलो.

फोग्ट बुधवारी दुपारी आले, गुलाबी गुलाबी होऊन. त्यांची बॅग दारातच होती तेव्हा आम्ही दोघांनी बेल दाबली. त्यांनी किल्लीने कपाट उघडलं, डबा काढला, भिंग आणलं. (भिंग! शपथेवर सांगतो.) चिकटपट्टी अखंड. सही अखंड. स्वतःची सही त्यांनी दोनदा तपासली. मग सुरीने पट्टी कापली.

डबा रिकामा. तळाशी चमचाभर वाळू. बारीक, पिवळी, आणि ओली.

मी बोट लावलं आणि जिभेवर टेकवलं. खारट.

हेर फोग्ट खुर्चीत बसले. त्यांचा गुलाबी रंग माझ्या डोळ्यांदेखत उतरला. "आल्झो..." म्हणाले, म्हणजे आपलं 'तर मग...', आणि डब्याचं झाकण लावून पुन्हा उघडलं. मग अगदी बारीक आवाजात, "माझ्या ताब्यातून आजवर काही हरवलेलं नाही, हेर जोगळेकर." त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. मग त्यांना एकदम आठवलं की त्यांचा नुकसानभरपाईचा विमा आहे, आणि त्यांनी खरोखर फॉर्म काढला. 'हरवलेली वस्तू' या रकान्यापर्यंत आले, लेबल पाहिलं, 'प्रवासाची सुरुवात', आणि पेन तसंच अधांतरी राहिलं. शेवटी केतकीने तो फॉर्म त्यांच्या हातातून काढून घेतला आणि त्यांना चहा करून दिला. त्यांच्याच स्वयंपाकघरात.

मला काय वाटतं विचाराल तर, मला काहीच वाटत नाही. पुरचुंडी आजही मादाम अकूंच्या काचेच्या कपाटात आहे. पोस्टाने मागवायची छाती नाही. वाळू माझ्याकडे डबीत आहे. तपासून घ्यायला प्रयोगशाळेत दोन मित्र आहेत, दोघांनाही मी अजून फोन केलेला नाही. एक्सेलमध्ये पंधरावी शीट उघडून संभाव्य कारणं लिहायला बसलो होतो. शीट कोरी आहे.

त्या बुधवारी आम्ही घरी आलो तेव्हा आई भेंडी चिरत होत्या. खिडकीतली खुर्ची त्यांनी स्वतःच टेबलाशी परत आणून ठेवली होती. मी समोर बसलो, पाणी प्यायलो. केतकी दाराशी उभी. म्हटलं, आता नाही विचारलं तर जन्मात नाही.

"आई," मी म्हटलं, "कसं होतं हो ते तळं?"

त्यांनी भेंडीचं देठ कापलं, बाजूला सारलं.

"हे सांगायचे तेवढं काही मोठं नाही."