‘खराब’ लिहा

सोमवारी गाडीने पांढुर्णा सोडल्यावर डब्यातल्या सफाई कामगाराने माझ्यासमोर अभिप्रायाचा फॉर्म धरला. सौंसरचे हे गृहस्थ मला दर आठवड्याला भेटतात. संडास रिकामा दिसला तरी आधी दार वाजवतात आणि विचारतात, “कोणी आहे का जी?”

मी ‘उत्तम’ लिहू लागलो. त्यांनी थांबवलं.

“खराब लिहा. दोन्ही संडासात पाणी नाही.”

“तुम्हालाच घरी बसवतील.”

“बसवू द्या जी. मी रोज सांगून राहिलो, कोणी ऐकून नाही राहिलं. बाया सकाळपासून अडून बसल्या. तुमचं लिहिलेलं तरी वाचतील.”

मी ‘खराब’ लिहून सही केली.

नागपूरला त्यांनी तो फॉर्म गठ्ठ्यात सगळ्यांत वर ठेवला आणि सुपरवायझरच्या हातात दिला.