घरची माणसं : एक

विकलेल्या घरात आपण खरंच राहत होतो हे सिद्ध करायची पाळी कुणावर येऊ नये. माझ्यावर आली.

कुणकेश्वरजवळचं आमचं घर नवऱ्याने हौसेने बांधलं आणि वर्षभरात मागच्या पडवीत खुर्चीत बसल्या बसल्या तो गेला. मी नोकरीला ओरोसला, क्वार्टरमध्ये. घरी यायचे ते शनिवार-रविवार. बंद घर खायला उठायचं, म्हणून पुढच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला लागले. चावी आणि चूल शेजारणीकडे सोपवली.

निवृत्ती जवळ आली तेव्हा ते घर विकून नांदगावला बहिणीच्या शेजारी लहानसं घर घ्यायचं ठरवलं. जुन्या घराचं साठेखतही झालं. विक्रीच्या नफ्यावरचा कर माफ झाला तरच नवं घर परवडणार होतं.

कणकवलीचे सीए म्हणाले, "नफा दुसऱ्या घरात घातलात की सूट आहे. पण पाहुण्यांचं उत्पन्न तुम्ही धंदा म्हणून दाखवलंय. हे घर होतं की लॉज, असं विचारलं तर? घरात कुणीतरी राहत होतं, असा काही कागद आणा."

कागदाला मी घाबरत नाही, जन्म कचेरीत गेला. पाहुण्यांची वही मीच आखून दिली होती. तारीख, पाहुण्यांची नावं, आणि शेजारणीला तांदळाचा अंदाज यावा म्हणून शेवटी 'घरची माणसं'. ती मी कधी उघडून पाहिली नव्हती. आता तशीच उचलून सीएंकडे नेली.

त्यांनी पानं चाळली आणि खूश झाले. "अहो, हे तर उत्तमच! रोज लिहिलंय, घरची माणसं एक. शनिवार-रविवारी दोन. कोण राहायचं? त्यांचं आधार कार्ड जोडू."

मी वही ओढून घेतली. शनिवारी दोन, कारण मी यायचे. मग सोमवार ते शुक्रवार एक कोण? मधल्या एका पानावर कुण्या पाहुणीने लिहिलं होतं, 'मागच्या पडवीतल्या काकांनी ओहोटीची वेळ सांगितली, म्हणून मुलं पाण्यात उतरली नाहीत. त्यांचे आभार.' वही मिटून पिशवीत टाकली. सीएंना म्हटलं, उद्या सांगते.

तडक बस पकडून शेजारणीकडे गेले. भर दुपार होती. ती आमच्या घराच्या मागच्या पडवीत केळीच्या पानावर भात आणि सुरमईचा तुकडा वाढत होती. घरातल्या गेलेल्या माणसाचं पान पाहुणे जेवायच्या आधी ठेवायचं, ही आमच्याकडची रीत. शेजारीण ती कधी चुकवत नाही, हे मला ठाऊक होतं. पण ती त्याला शिरगणतीत धरत असेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

"हा एक म्हणजे कोण गो?" मी जवळजवळ ओरडलेच.

"भाऊ," ती शांतपणे म्हणाली. माझ्या नवऱ्याला ती भाऊच म्हणायची. "त्येंचा पान रोज वाडतंय, मगे त्येंका सोडून कसां लिवतलंय?"

"तो गेला ना गो!"

"खंय जातले? घर त्येंचा."

पडवीत खुर्ची होती. समुद्राकडे तोंड करून. पाहुणे ती हलवतात, ती परत तिथेच येते, असं शेजारीण भाजीचा भाव सांगावा तशा सुरात म्हणाली. मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर हेवाही. मी क्वार्टरमध्ये एकटी जेवत होते, तेव्हा इथे हिच्या हातचं गरम जेवण कुणीतरी जेवत होतं.

मी वहीचं शेवटचं लिहिलेलं पान काढलं. साठेखत झालं, तो दिवस. त्या रात्री मी याच घरात मुक्कामाला होते. घरची माणसं, एक.

"मी होते ना! दोन हवं."

शेजारणीने माझ्याकडे पाहिलं नाही. पानावरची माशी वारत म्हणाली, "रागव नकात, वयनी. घर इकलास मां तुमी?"

मी डावीकडच्या रकान्यात पाहिलं. पाहुण्यांच्या यादीत, पुण्याच्या एका कुटुंबाखाली, तिने नीट अक्षरात माझं नाव लिहिलं होतं.