एस्नातीच्या हातची आंघोळ

एस्नातीच्या हाताखालून गेलेल्या बाईला तिच्यापासून काही लपवता येत नसे. मिशनच्या दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात ती एकतीस वर्षं आया होती. दाखल होणाऱ्या प्रत्येकीला पहिली आंघोळ घालायचं काम तिचं. गरम पाणी, उग्र वासाचा साबण आणि तिची ती नजर. कमरेला मंतरलेला दोरा असो, नाहीतर वैदूनं पोटावर पात्यानं चरे पाडून काळी भुकटी चोळलेली असो, तिच्या बोटांना कळायचंच. रविवारी उपासना आटोपली की ती योराम वडिलांना गाठायची. मंडळीच्या पंचांना 'वडील' म्हणायचे, त्यांत ते मुख्य. त्यांच्या कानात ती नाव सांगायची, आणि ते वहीत लिहून घ्यायचे.

वैदूकडे गेलेल्या बाईला सहा महिने प्रभुभोजन बंद. एवढ्यावर भागलं असतं तर बायकांनी सोसलं असतं. पण त्या सहा महिन्यांत ती किंवा तिचं तान्हं मेलं, तर घंटा नाही, पाळक नाही, पांढऱ्या पोलक्यातल्या महिला मंडळाचं गाणं नाही. मुकाट्यानं खड्ड्यात ठेवायचं आणि माती लोटायची. मेल्यावर खुणा सापडल्या तरी तेच.

एस्नातीला ही नावं द्यायला कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही. गोऱ्या डॉक्टरीणबाई तर म्हणायच्या, "एस्नाती, चरा पिकला नाही ना? मग सोड की बाई." पण एस्नाती सोडणाऱ्यातली नव्हती. तिची आई वैदूचा काढा पिऊन तीन दिवस तडफडत मेली होती. पोरक्या पोरीला मिशननं खाऊपिऊ घातलं, वाचायला शिकवलं. वैदूच्या तावडीतून एकेक बाई सोडवणं हे आपल्याला देवानं नेमून दिलंय, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. आणि एकदा असं पक्कं झालं की माणसाचे कान बंद होतात.

"देवाची नजर चुकेल, हिची चुकायची नाही," बायका पाठीमागं म्हणायच्या. मालितानं तर बोलणंच टाकलं होतं. तिला शिक्षा झाली त्याच्या चौथ्या महिन्यात तिचं तान्हं तापानं गेलं आणि घंटेविना पुरलं गेलं. एस्नाती विहिरीवर आली की मालिता अर्धी भरलेली बादली डोक्यावर घेऊन चालू लागायची.

एस्नातीला एकच लेक, तवोंगा. दोनदा पोट पडलेलं, तिसऱ्यांदा दिवस राहिलेले. सासर अर्ध्या तासाच्या वाटेवर, तरी एकदाही दवाखान्यात तपासायला आली नाही. आईनं विचारलं की म्हणायची, "येते गं, शेतातलं उरकलं की येते." शेतातलं काही उरकेना.

गुरुवारी सकाळी बैलगाडी दारात थांबली. आत चटईत गुंडाळलेली तवोंगा होती आणि तिचं न जन्मलेलं मूल तिच्या पोटातच होतं.

जावयानं सासूकडं बघायचं नसतं. लेवी आंब्याच्या झाडाकडं तोंड करून बोलत होता. "दोन दिवस अडली होती, अमामा. बोमाच्या सरकारी दवाखान्यात न्यायला सायकलवर बसवली. नदीपाशी गेली."

"बोमा चाळीस मैल आहे," एस्नाती म्हणाली. "मिशनचा दवाखाना तुझ्या दारात होता."

लेवी झाडाची साल खरवडू लागला.

"बोल ना रे. तोंड शिवलंय का?"

"मी म्हटलं होतं तिला. तीच नको म्हणाली." तो झाडाशीच बोलला. "तिथं आई आंघोळ घालते, म्हणाली."

एस्नाती खाली बसली. मग उठून तिनं चुलीवर पाणी ठेवलं. आईनं लेकीला धुवायचं नसतं, पण तिला अडवायची छाती कुणाची नव्हती. सोबतीला दुसरी बाई लागते. महिला मंडळातल्या साऱ्या जणी दाराशी घुटमळत राहिल्या. मालिता मात्र कुणाला न विचारता बादली घेऊन आत शिरली.

बेंबीच्या खाली अकरा चरे होते, ताजे. मूल टिकावं म्हणून बिचारीनं पाडून घेतलेले. एस्नातीनं ते एकदा मोजले, पुन्हा मोजले. मालितानं पाहिलं, आणि त्यावर चितेंजे, कमरेला गुंडाळायचं छापील कापड, ओढून घट्ट बांधलं.

बाहेर योराम वडील वही घेऊन उभे होते. आंघोळीचं लेवी साऱ्यांदेखत बोलून गेला होता, त्यामुळे विचारणं त्यांना भाग होतं. घंटा म्हणून झाडाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यापाशी एक माणूस लोखंडी दांडा घेऊन तयार होता. पोरीला घंटा मिळणार की नाही, ते आता आईच्या जिभेवर होतं.

"न्याम्हांगो," तिच्या माहेरच्या कुळाचं नाव घेऊन म्हातारा हळूच म्हणाला, "अंगावर काही नव्हतं ना? दुःखात डोळ्यांना नीट दिसत नाही. दिसलं नसेल तर तसं सांग."

अहो, सरळ सरळ वाट काढून दिली होती त्यानं. सारं अंगण माणसांनी भरलं होतं. एस्नातीला मात्र एकेक तोंड दिसत होतं. तिनं नावं दिलेल्या तेवीस जणींपैकी निम्म्या तिथंच होत्या. त्यांची पोरं ती पोरं नव्हती, आणि आपली तेवढी लेक? आज खोटं बोललं तर त्या तेवीस जणींचं काय केलं आपण?

"अकरा," ती म्हणाली. "बेंबीखाली. ताजे आहेत."

योराम वडिलांनी वही मिटली. दांडेवाला दांडा खाली ठेवून निघून गेला.

तवोंगाला दुपारी पुरलं. कुणी गायलं नाही. फावड्यांचा आवाज तेवढा होत राहिला. सगळे पांगले तरी एस्नाती ढिगाऱ्यापाशी उभी होती, आणि थोड्या अंतरावर मालिता.

"आता तरी पटलं ना तुला?" एस्नाती म्हणाली. "माझ्या लेकीलाही मी वेगळी मोजली नाही."

मालितानं तिच्याकडं बघितलं. किती वर्षांनी बघितलं.

"अंगावर काही नव्हतं, असं तू म्हणशील वाटलं होतं मला," ती म्हणाली. "मी हो ला हो मिळवणार होते. तेवढ्यासाठीच आत आले होते."