कोळसा खाणीचं पाणी आणि माझी बारीक जाळी

दहावीनंतर शाळा सुटली. पुढे चांदवडच्या वर्कशॉपमध्ये या हातांनी बनवलं ते असं: कांदा निवडायची चाळण, स्कूटरच्या इंजिनावर चालणारा फवारा आणि विहिरीतल्या पंपाच्या तोंडाला बसणारी स्टीलची जाळी. भोक बरोबर दीड मिलिमीटर, एकाचीही कड बोटाला लागत नाही.

ही जाळी नाशिकच्या कृषी प्रदर्शनात एका ठेकेदाराने पाहिली. चंद्रपूरकडच्या एका भूमिगत कोळसा खाणीतले पंप तो सांभाळतो. तिथे पंप सारखा तुंबायचा आणि तळाच्या भागात पाणी चढत होतं. आणखी दोन फूट चढलं की तो भाग बंद, माणसांची बदली दुसऱ्या खाणीत. "दोन जाळ्या घेऊन या," म्हणाला.

"इकडच्या विहिरी संपल्या वाटतं," बायको म्हणाली. दशम्या मात्र बांधून दिल्या.

पहाटे पाचला निघालो. मनमाड, येवला करत कोपरगावजवळ समृद्धी महामार्गावर चढलो. रस्ता सरळ आणि कंटाळवाणा, खायची ठिकाणं कमी, डबा न्याच. संध्याकाळी मुक्कामी. लॉज सातशे रुपये, बरा.

सकाळी तर्री पोहे खाऊन खाणीवर. सहज कोणाला आत सोडत नाहीत. ठेकेदाराने लेखी परवानगी काढली होती. मोबाईल बाहेरच जमा केला, डोक्यावर दिवा, पायात गमबूट. उतार चालायला चाळीस मिनिटं. छतातून ठिबकणारं पाणी कडेच्या चारीतून तळाच्या खड्ड्यात येतं, तिथून पंप ते वर टाकीत ढकलतो, आणि निवळलं की शेतांना सोडतात.

खड्ड्याशी पंप चालवणारे खलाशी शेषराव बसले होते. "नाशिकवरून जाळी आणली? द्राक्षं आणली असती तं बरं झालं असतं."

जाळी बसवली. अठरा मिनिटांत पंप कोरडा ओढू लागला. जुनी मोठ्या भोकांची जाळी दोन तास तरी टिकायची. माझी काढली तर वर कोळशाच्या भुकटीचा लेप. विहिरीत काडीकचरा अडवायचा असतो. इथे पीठ होतं.

"जाळी चांगली हाय, दादा," शेषराव म्हणाले. "पण गाळणी भरली तं चहा निघत नाय. चारीत आडवा बांध घाला, म्हणून कवापासून सांगून राहिलो. ऐकते कोण?"

मी ऐकलं. ऐकायला जड गेलं, हे लिहितो. शेततळ्याच्या तोंडाशी आम्ही गाळाचा खड्डा करतो तसंच हे, आणि मला ते सुचलं नव्हतं. ओव्हरमनची, म्हणजे पाळीवरच्या साहेबाची, परवानगी घेऊन वाळूच्या पिशव्यांचा बांध घातला, माथा टेपने मोजून सपाट केला. गाळ बांधामागे बसू लागला, वरचं पाणी खड्ड्यात. पंपाला जुनीच जाळी परत लावली.

दुसऱ्या दिवशी पंप पूर्ण पाळी न थांबता चालला. शेषरावांनी भिंतीवरची खडूची रेघ दाखवली: पाणी चार बोटं उतरलं होतं.

"आता पोरांची शाळा नाय बदलत," ते म्हणाले, आणि पंपाच्या आवाजाकडे कान देऊन बसले.

जाऊन-येऊन डिझेल, टोल धरून साडेअकरा हजार लागले. घरी आल्यावर पहिल्यांदा जाळीखेरीज दुसरं काही शिकून आल्यासारखं वाटलं.

आठवड्याने ठेकेदाराचा फोन. "पिशव्यांचं बिल निघत नाही, जाळ्यांचं निघतं. तुमच्याच बारीक जाळ्या सगळ्या पंपांना लावू. चाळीस नग, नगाला आठ हजार."

तीन लाख वीस हजार. मी नाही म्हटलं.