मरियामातेखाली लपवलेला माल

चोरीचा माल मरियामातेच्या मूर्तीखाली लपवणारी बाई आमच्या परळच्या चाळीत एकच झाली, ती म्हणजे मी. आणि लपवताना एवढंही डोक्यात येऊ नये, की मे महिन्यात ती मूर्ती रोज एका घरातून पुढच्या घरी जाते? नात आजही पोट धरून हसते.

माल कसला, तर शेजारणीच्या शिलाई मशीनची बॉबिन केस, खालच्या दोऱ्याची इवलीशी डबी. ती नसली की मशीन नुसतं लोखंड.

गिरणी बंद पडली तेव्हा दोघींचेही नवरे घरी बसले. तिने हातशिलाई करून मशीन घेतलं, मी राग घेतला. पाच जणींना ती आपलं मशीन वार ठरवून पाळीपाळीने वापरू द्यायची. मी मागितलं नाही. माझं नाक आड यायचं ना!

मग दादरच्या व्यापाऱ्याने परकरांची मजुरी पाडली. बायका म्हणाल्या, काचा फोडू. ही म्हणाली, "हात कापले तर शिवणार कशाने?" आणि सगळ्यांना घेऊन दुकानाच्या पायरीवर जपमाळ करत बसली. चौथ्या दिवशी तो नमला.

रविवारी फादर प्रवचनात म्हणाले, घाम गाळणाऱ्याचं स्वतःचं काहीतरी असावं, तो त्याचा हक्क. पण आपल्या वस्तूचा शेजाऱ्यालाही उपयोग व्हावा. आणि न्याय मागायला दगड लागत नाही. सगळं चर्च वळून तिच्याकडे बघत होतं. मीही बघितलं. ब्लाऊजच्या बाह्या काय चोख बसल्या होत्या मेल्या! प्रवचनातलं मला तेवढंच लागलं.

सोमवारी साखर मागायला गेले. ती डब्याकडे वळली आणि मी बॉबिन केस पदराआड केली. मूर्ती त्या दिवशी माझ्या घरी, आतून पोकळ. रुमालात गुंडाळून दिली आत कोंबून.

मंगळवारी शाळेच्या गणवेशांचं काम अडलं. पाचही जणी भिंतीला टेकून बसल्या, आणि मी दारातून "अरेरे" करत होते. संध्याकाळी मेणबत्त्या घेऊन, गात गात आम्ही मूर्ती पुढच्या घरी नेली. पुढचं घर तिचं!

टेबलावर मूर्ती डुगडुगली. तिने उचलून खाली बघितलं. माझा रुमाल, माझेच उसवलेले टाके. तिने तो मुठीत घेतला आणि सगळ्यांसमोर शांतपणे जपमाळ सुरू केली. मी सगळ्यांत मोठ्याने प्रार्थना म्हणत होते, भक्तीने नव्हे.

बायका गेल्यावर तिने मला दारात थांबवलं. म्हणाली, "मशीनचा बुधवार तुझ्यासाठी केव्हाचा मोकळा ठेवलाय गं, तू मागशील म्हणून. उद्या ये. आणि आधी हा रुमाल शिव, लाज वाटते बघून."